भिंतीपासून

सुनेनं मालकीणबाईंना भर दुकानात खोटं पाडलं. घरात पाडलं असतं तर चाललं असतं. घरात त्या दोघी लग्नापासून एकमेकींना पाडत आणि पुन्हा उठवत आल्या होत्या, आणि मधे बसणाऱ्या मुलाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर, आणि गिऱ्हाईक तरी कोण, तर बँकेतून निवृत्त झालेले साहेब, जे पँटची घडी मनासारखी नसली की ती दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखी परत करतात. त्यांच्यासमोर सून म्हणाली, "नाही आई, तसं नाहीये ते." आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मालकीणबाईंनी वरच्या पट्टीत उत्तर दिलं असतं आणि भांडण तिथल्या तिथं धुऊन, पिळून, वाळत घातलं असतं. पण सून बोलली ती औषधाच्या दुकानात कुणी आपला आजार हळूच सांगावा तशी. आणि हळू बोललेलं साहेबांना बरोबर ऐकू गेलं.

झालं होतं ते इतकंच. साहेब विजेच्या बिलाच्या नावानं कुरकुरत होते. साठी उलटल्यापासून ते रोज एका कशाच्या तरी नावानं कुरकुरत, आज विजेची पाळी होती. मालकीणबाई त्यांच्या पँटला चिठ्ठी टाचत होत्या. साऱ्या गल्लीत त्यांना मालकीणबाईच म्हणत, लाँड्री मुलाच्या हातात जाऊन इतका काळ लोटला तरी. मुलाला मात्र कुणी मालक म्हणत नसे. चिठ्ठी टाचता टाचता त्या म्हणाल्या, "जरा कळ काढा साहेब. आमच्या सुनेच्या लोकांनी सूर्य पेटवलाय. छोटासाच, पण पेटवलाय. जेवढं आत घालतात त्याहून जास्त बाहेर पडतं. मग कसलं बिल नि कसलं काय." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं की ते आता जिभेवरून साबणावरून घसरल्यासारखं जायचं. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला तर त्यांनी दुसरी नोकरी शोधून ठेव म्हणून बजावलं होतं, आणि तो बिचारा तेव्हापासून आकडा टिपताना थोडा घाईत असायचा. तेवढ्यात रस्त्याकडच्या दारातून सून आली. हातावर तिचा काळा कोट. भर दुपारी ती कधी येत नाही, म्हणून मालकीणबाईंना आधी काळजीच वाटली. आणि काळजीचा घोट गिळायच्या आत ते वाक्य आलं. नाही आई, तसं नाहीये ते. भिंतीपासून मोजलं तर आम्ही शंभर घालतो आणि दोन निघतात. कधी दोनही नाही. साहेब नाकातून हसले. "म्हणजे तोट्याचा धंदा म्हणा की. मालकीणबाई, सून तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे." सुनेनं फरशीकडे पाहिलं, कोटाला वाफ द्यायचीय म्हणाली, आणि पडदा सारून मागच्या खोलीत गेली. साहेब पँट तयार होईस्तोवर बाकावर बसले आणि पेपर उघडला, तोसुद्धा मालकीणबाईंना वाटलं, हसल्यासारखाच उघडला.

मालकीणबाई चिठ्ठ्या टाचत राहिल्या. लाल गल्लीतल्यांच्या, निळ्या पलीकडच्या रस्त्याच्या, पिवळ्या हॉटेलच्या. अक्षरांशी त्यांचं फारसं जमलं नव्हतं, पण रंगांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. आज मात्र हातानं निळ्याच्या जागी पिवळी टाचली आणि त्यांनी ती उचकटून काढली तेव्हा कॉलरला बारीक भोक राहिलं. त्या भोकाकडे त्या बघत बसल्या. दुखतंय, हे नक्की होतं. पण नेमकं कुठे, ते सापडेना. दात ठणकत असतो आणि जीभ फिरवून पाहिलं की प्रत्येक दात तोच वाटतो, तसं. खोटं पडल्याचं दुखत होतं का? त्या उभ्या आयुष्यात बऱ्याच वेळा खोट्या पडल्या होत्या आणि दर वेळी समोरच्यालाच चूक कबूल करायला लावून उठल्या होत्या. साहेब हसले ते दुखत होतं का? साहेबांच्या हसण्याला त्या धुलाईतल्या फेसाएवढीच किंमत देत. वर तारेवर लटकवलेले शर्ट पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून दुपारचं ऊन पांढरं होऊन गळत होतं, आणि त्यांना ते सगळे शर्ट माणसं काढून घेतलेल्या माणसांसारखे वाटले. बाह्या आहेत, हात नाहीत. गळे आहेत, आवाज नाहीत. शंभर आणि दोन. बाकीचे अठ्ठ्याण्णव जातात कुठे? इतकी वर्षं ती पोरगी रोज सकाळी घराबाहेर पडते, ती त्या अठ्ठ्याण्णवात जाते की दोनात येते?

ती घरात आली तेव्हापासून मालकीणबाईंना तिच्याबद्दल एक तक्रार होती, की तिच्यात तक्रार करण्यासारखं पुरेसं काही नव्हतं. मोठ्यानं बोलणार नाही, दार आपटणार नाही, भांडंसुद्धा असं ठेवील की खाली झोपलेलं कुणी उठू नये. हात मात्र सारखे धुवायची. अंगठी घालत नसे; का, तर ओरखडा पडेल. कुणाला? गोळीला. मालकीणबाईंनी ते तेव्हा ऐकलं आणि मुलाकडे असं बघितलं की तो जेवता जेवता पाणी आणायला उठला. मग कळलं की ही मुलगी दिवसभर दुर्बिणीसारख्या यंत्राला डोळे लावून मिरीच्या दाण्याएवढ्या पोकळ गोळ्या तपासते. पाठीपोटी, उलटीपालटी. एखाद्या गोळीवर धुळीचा कण असला, कुठे डोळ्याला न दिसणारा खळगा असला, की ती बाद. ढीगभर गोळ्या बाद करून एक हाती लागते. संध्याकाळी घरी यायची तेव्हा दोन्ही डोळ्यांभोवती यंत्राच्या कडांचे गोल वळ उठलेले असायचे, चष्मा आत्ताच काढून ठेवल्यासारखे. गल्लीतल्या बायका तिला गोळीवाली म्हणायला लागल्या. मालकीणबाईंनी त्यांना झापलं, आणि घरात स्वतः तिला गोळी म्हणू लागल्या.

त्या गोळीचं पुढे काय होतं, हे त्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं, खरं तर पोरीला जरा बोलतं करावं म्हणून. सून इतकी बोलली की तिचं ताट गार झालं. गोळीच्या आत हायड्रोजनच्या दोन जड भावंडांचा गोठवलेला थर असतो, म्हणाली. त्या कणांना एकमेकांच्या जवळ यायचं नसतं. जितकं जवळ आणावं तितके जास्त ढकलतात. पण चारही बाजूंनी एकदम, इतक्या जोरानं, इतक्या कमी वेळात दाबलं की ढकलायलाच सवड मिळू नये, तर ते एक होतात. आणि एक होताना उष्णता सोडतात. सूर्य तेच करतो, फक्त त्याच्याकडे वजन आहे; आमच्याकडे वजन नाही म्हणून आम्ही प्रकाशानं दाबतो. लेसरनं. सगळ्या बाजूंनी सारखं दाबलं पाहिजे, एक बाजू जरा कमी पडली की तिथून सगळं निसटतं आणि गोळी फुस्स होते. मालकीणबाईंनी तेव्हा तिला गार ताट संपवायला लावलं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या मनात आलं होतं की आपल्या दोन खोल्यांत हेच चाललंय. नवरा अचानक गेला, धंदा बसत चालला, मुलगा मऊ. चारी बाजूंनी दाबत दाबत परमेश्वरानं मला आणि या पोरीला एका ओट्यापाशी आणून उभं केलं. एक झालो का, ते माहीत नाही. ऊब मात्र कधी कधी लागते. दुसऱ्या दिवशी त्यांना या विचाराची लाज वाटली आणि त्यांनी सुनेला भाजी खारट झाल्याबद्दल उगाच बोलून घेतलं.

मग एकदा सुनेच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांना आत घेऊन गेले होते. पायांत पिशव्या, डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा. मुलगा त्यात भुतासारखा दिसत होता. तो हॉल मालकीणबाईंच्या मनातून कधी गेला नाही. एवढा लांब की पलीकडचा माणूस बाहुलीएवढा दिसे, आणि दोन्ही बाजूंनी पांढऱ्या नळ्या, नळ्याच नळ्या, आणि त्यांतून काचा, दाराएवढ्या काचा, फिक्या गुलाबी. आणि कुठेही धूळ नाही. आयुष्यभर डागांशी लढलेल्या बाईला त्या स्वच्छतेनं एकदम थकवाच आला. इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं वाटलं. मोठे साहेब, म्हणजे त्या जागेचे मुख्य, हसतमुख, दाट केसांचे, सगळ्यांना समजावून सांगत होते. गोळी एका सोन्याच्या डबीत ठेवतात, ते म्हणाले. प्रकाश डबीच्या आतल्या भिंतींवर पडतो, आणि गोळी दाबली जाते. "आणि डबी?" मालकीणबाईंनी विचारलं. डबी जाते, ते म्हणाले, दर खेपेला. मालकीणबाई सुनेकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अंगठी घालत नाहीस आणि सोनं जाळतेस?" सगळे हसले, मोठे साहेबसुद्धा. सूनही हसली, आणि मालकीणबाईंनी पहिल्यांदा पाहिलं की ती हसताना तिची मान वर जाते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक प्रश्न ठरलेला. सून चप्पल काढतेय तोवर आतून मालकीणबाईंचा आवाज, "पेटली का?" आणि बाहेरून, "नाही." आधी आधी तो टोमणा होता. मग सवय झाली. मग कधीतरी असं झालं की "नाही" ऐकल्यावर त्यांच्या छातीत काहीतरी खाली बसायला लागलं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ऋतू गेले, मुलाच्या डोक्यावरचे केस गेले, कोळशाचा जुना बॉयलर भंगारात गेला आणि विजेची यंत्रं आली, त्यांच्या बिलानं मुलाचे उरलेले केस गेले. "नाही." "नाही." आणि एक दिवस सून दारात उभीच राहिली. चप्पल काढायची विसरली. मालकीणबाईंनी विचारायच्या आधीच म्हणाली, "आई, पेटली." तिच्या डोळ्यांभोवती वळ होते आणि त्या वळांतून पाणी वाहत होतं. मालकीणबाईंनी तिच्या पायांकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "चप्पल काढ आधी." आणि मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्लीत कुणाला सांगायचं सोडलं नाही. जेवढा प्रकाश आत जातो त्याहून जास्त उष्णता बाहेर येते, असं मोठे साहेब टीव्हीवर म्हणाले होते. त्यातला प्रकाश गळाला, उष्णता गळाली, आणि जेवढं घालतात त्याहून जास्त, एवढं धुऊन उरलं.

म्हणजे मी खोटं बोलले नाही, मालकीणबाईंच्या मनात आलं. मी जे ऐकलं ते बोलले. मग ही भिंत कुठून आली? आणि भिंत म्हटल्याबरोबर कालची संध्याकाळ आठवली. सून फोनवर होती, खिडकीकडे तोंड करून. "भिंत काढायची म्हणता तर मला जमणार नाही," असं म्हणत होती. "नाही सर. भिंत काढली तर मग मी काय सांगू?" मालकीणबाईंना वाटलं, त्या पांढऱ्या हॉलमधली एखादी भिंत पाडतायत, दुरुस्ती निघाली असेल. जेवताना त्यांनी मुलाला बजावलंसुद्धा, की भिंत पाडताना धूळ किती उडते ते आपण दुकान वाढवलं तेव्हा पाहिलंय, त्या लोकांना सांग, सगळ्या काचा झाकून घ्या म्हणावं. मुलगा हो म्हणाला. सुनेनं घास गिळला आणि त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असल्यासारखं, आणि बोलली नाही. आता मालकीणबाईंना ते न बोललेलं आठवून कानशिलं तापल्यासारखी झाली. टाचण्यांचा डबा त्यांनी झाकला. "साहेब, पँट होतेय," म्हणाल्या, आणि पडदा सारून मागे गेल्या.

मागच्या खोलीत वाफ भरली होती. ओल्या सुती कापडाचा तो वास, कोमट, किंचित जळका. नवऱ्यापेक्षा जास्त वर्षं त्या या वासाबरोबर राहिल्या होत्या. इस्त्रीवाला एका टेबलावर साहेबांची पँट दाबत होता आणि दुसऱ्या टेबलावर सून आपला कोट. वाईट दाबत होती. बाहीच्या शिवणीवर शिवण चढवली होती, आणि तीच ती जागा परत परत.

"तुम्हाला बघून बरं वाटलं मालकीणबाई," इस्त्रीवाला म्हणाला. "वहिनींनी त्या बाहीला आज ठार मारायचं ठरवलंय."

"तू तुझी पँट बघ. घड्या दोन पडल्या तर तो मनुष्य तुझ्या अंगावर घालून बघेल." मग सुनेला, "कुठे निघालीस कोट घालून?"

"उद्या समिती येतेय आई."

"कसली?"

"पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवणारी. लेसर, हॉल, सगळं. आमच्यातल्या एकानं त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, काय झालं आणि काय होईल. मोठे साहेब म्हणाले, तू सांग. गोळी तुझी आहे, आणि तू सोपं बोलतेस."

"मग?"

सुनेनं इस्त्री उभी केली. वाफेतून तिचा चेहरा विरघळल्यासारखा दिसत होता, फक्त डोळ्यांभोवतीचे वळ जागेवर होते. "मग काल तालीम झाली. मी सगळं सांगितलं. की पेटली, हे खरं. आजवर कुणाला जमलं नव्हतं, हेही खरं. पण तो प्रकाश तयार करायला आम्ही भिंतीतल्या खटक्यातून जी वीज ओढतो ती धरली, तर शंभर घालून दोन. आणि गोळी पेटते ती दिवसातून एखादी, कारण काचा तापतात, थंड व्हायला वेळ लागतो. वीज विकायची तर सेकंदाला दहा पेटायला हव्यात, दिवसरात्र. माझी एक गोळी व्हायला आठवडे लागतात, ती चण्याफुटाण्याच्या भावात व्हायला हवी. आणि त्या दोन भावंडांतलं एक जगात फारसं मिळतच नाही, ते तिथल्या तिथं बनवावं लागेल. आणि दर वेळी जो मारा होतो तो झेलून वर्षानुवर्षं टिकेल असं भांडं अजून कुणाकडे नाही." ती थांबली. "मी म्हटलं, हे सगळं होण्यासारखं आहे. नव्या तऱ्हेचे लेसर निघालेत, इतकी वीज खात नाहीत. पण वर्षं लागतील. माझी नोकरी संपेल तोवर. कदाचित त्याच्यानंतरही."

"आणि मोठे साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, छान बोललीस. फक्त भिंत काढ. गोळी ठेवतात त्या खोलीच्या दारापासून मोज, तिथपासून आपण फायद्यात आहोत. ते खोटं नाहीये आई. सगळे तसंच मोजतात, प्रयोगाला तसंच मोजायचं असतं. पण समितीतली माणसं विजेचा विचार करून येणार. त्यांना वाटेल, वीज निघाली. आणि आपण वाटू द्यायचं."

"म्हणून तू म्हणालीस जमणार नाही."

"म्हणाले. मग ते म्हणाले, ठीक आहे, तू नको. दुसरा एक आहे आमच्यात, तरणा, गोड बोलतो. तो बोलेल. मी मागच्या खुर्चीवर बसायचं. कोट घालून." ती हसल्यासारखं करायला गेली. "मी हो म्हटलं."

इस्त्रीवाल्यानं पँट उलटी केली. यंत्राचा एक सुस्कारा झाला.

तिथे गिळलं आणि इथे ओकलं, मालकीणबाईंना वाटलं. तिथे मागच्या खुर्चीला हो म्हणून आली आणि माझ्या काउंटरवर येऊन खरेपणा सांडला. मी सोयीची वाटले. त्यांनी तोंड उघडलं, ते तेच बोलायला. पण डोळ्यांसमोर आला त्यांच्या लहानपणीचा एक वर्ग. अंधारी खोली, खालची फरशी गार, फ्रॉकमधून गुडघ्यांना लागणारी. बाईंनी काहीतरी विचारलं होतं, बहुतेक गुणाकार. रांगेतल्या मुली एकेक करून उठत आणि मान खाली घालून गप्प उभ्या राहत आणि बसत. तिची पाळी आली. ती उठली, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "येत नाही." बाई म्हणाल्या, येत नाही तर येत नाही, वर बघतेस काय? मान खाली घाल. तिला कळेना, येत नाही याचा मानेशी काय संबंध? गुणाकार काय फरशीवर लिहिलाय? तिनं मान खाली घातली नाही. मग मारलं की नुसतं बाहेर उभं केलं, ते आता आठवत नव्हतं. त्याच सुमारास आई आजारी पडली आणि धाकट्यांना सांभाळायला तिला घरी ठेवलं, म्हणजे शाळा त्यामुळे सुटली असणार, मानेमुळे नाही. पण एवढ्या वर्षांत लोकांना सांगताना त्या नेहमी म्हणत, मी मान खाली घातली नाही म्हणून मला शाळेतून काढलं. त्यांना ते तसंच आवडायचं. आणि आता वाफेत उभ्या राहून त्यांना पोरीची ती मान दिसली. दुपारची, काउंटरवरची. साहेब हसले आणि ती मान गेली खाली, फरशीकडे, चोरी पकडली गेल्यासारखी. ठणकणारा दात हाच होता. तिनं मला खोटं पाडलं हा नव्हे. ज्या बाईनं ढीगभर गोळ्या नाकारून, डोळ्यांभोवती वळ पाडून घेऊन, नाही नाही म्हणत एक दिवस ती पेटवून दाखवली, ती बाई खरं बोलली, आणि एका माणसाच्या नाकातल्या आवाजाला लाजली.

त्यांना एकदम प्रचंड राग आला. मोठ्या साहेबांचा, त्यांच्या दाट केसांचा, समितीचा, त्या गोड बोलणाऱ्याचा. आणि या पोरीचा सगळ्यांत जास्त. उद्या हिनं भिंत सांगितली तर कदाचित सगळं बंद होईल. तो पांढरा हॉल, त्या गुलाबी काचा. संध्याकाळी विचारायला काही उरणार नाही. आणि गल्लीत आपली जी शोभा होईल ती वेगळीच, मीटरवाला तर हसून हसून आकडा चुकवेल. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्यांनी ते डाग बघतात तसं नीट बघितलं, आणि बाजूला ठेवलं.

"दे इकडे तो कोट," त्या म्हणाल्या. सुनेच्या हातातून इस्त्री घेतली, चढलेली शिवण पाणी मारून सोडवली, बाही उघडून सरळ पसरली आणि दाबली.

"आई, तुम्ही रागावलात. मी तुम्हाला तसं लोकांसमोर बोलायला नको होतं."

"गप." कोट त्यांनी तिच्या खांद्यावर चढवला, मागची कॉलर खेचून बसवली. पडद्यापलीकडे बाकावर पेपर चुरचुरला. मालकीणबाईंनी पडदा पुरता बाजूला सारला, आणि मग बोलल्या. सुनेशीच, पण बाकावरच्या माणसाला कान टवकारायचे कष्ट पडू नयेत इतक्या मोठ्यानं.

"मला खोटं पाडलंस, ते मी मरेपर्यंत बोलून दाखवणार आहे, ते सुटलं असं समजू नकोस. पण तुझा गुन्हा तो नाही. खरं बोललीस आणि फरशीकडे बघितलंस, हा तुझा गुन्हा. उद्या मागच्या खुर्चीवर बसायचं नाही. मोठ्या साहेबांना सांग, मीच बोलणार, आणि भिंतीपासून बोलणार. नाही म्हणाले तरी उभी राहा. शंभर घातले आणि दोन निघाले, आणि ते दोन आजवर कुणाच्या बापाला काढता आले नव्हते, दोन्ही एकाच आवाजात सांग, एक मोठ्यानं आणि एक पुटपुटत नको. हसले तर हसू दे, त्यांच्या तोंडाकडे बघत पुढचं वाक्य बोल. बंद केलं तर घरी ये, इथे इस्त्री शिकवीन. येत तर काही नाही तुला. पण खरं बोलताना मान खाली घालणारी बाई मला या घरात चालणार नाही."